चौदाव्या मिनिटाला

शेफील्डमध्ये सुऱ्या व्हायच्या त्या कारखान्यात
आता आमचं ऑफिस.
भिंतींना अजून सहाणेचा वास येतो.
तो रेडिएटरचा, मॅव्हिस म्हणते.
तिचं नाक माझ्यापेक्षा तयार,
मी वाद घालत नाही.

विमा कंपनी सोडून इथं आलो
तेव्हा न्यू जर्सीहून थोरल्याचा फोन :
पगार किती?
सांगितला.
आठवड्याचा ना? त्यानं विचारलं,
आणि मग बराच वेळ नुसता श्वास.
कार्डावर छापलंय : तंत्रज्ञान प्रमुख.
माझ्या हाताखाली एक प्रिंटर आहे,
तोही ऐकत नाही.

पहिलं वर्ष बटणं मोठी करण्यात गेलं,
माउस न धरता जाता येईल
अशा वाटा पाडण्यात.
बरं चाललं होतं.
मॅव्हिस ओल्डरॉयडनं चाळीस वर्षं रंगवलं,
मग साखरेनं डोळे नेले,
आता ती लोकर थापून भिंतीएवढं काहीबाही करते.
तिचा फोन तिला आमची वेबसाइट वाचून दाखवत होता :
चित्र. निळं.
हे दोन शब्द माझे. शुक्रवारी, घाईत.
निळं म्हणजे कुठलं रे?

इंग्रजीत मला दोनच निळे येतात,
एक फिका, एक गडद.
मग आपल्या भाषेत उतरलो, पायरी चाचपत :
अस्मानी नाही, मोरपंखी नाही,
चिंतामणी जवळचा, पण तोही नाही.
आई शेवटच्या पाण्यात नीळ घालायची,
पुरचुंडी बादलीत बुडवली की
विरण्याआधी जो एक धागा सुटतो,
तो.
डॉली ब्लू! मॅव्हिस ओरडली,
सोमवारी, आमच्या मागच्या अंगणात, फडक्यात बांधून!
आणि तिच्या हातानं हवेतली बादली ढवळली.
त्या चित्राखाली आता तेच लिहिलंय, धाग्यासकट.

कीअरन ब्रॅमल डोळ्यांनी काढतो.
नजर ठरली की रेघ,
पापणी मिटली की पेन उचललं.
कालव्यावरचा एक बगळा, सव्वातीन आठवडे.
बगळाही इतका थांबत नसेल.

घोडं अडलं ते अनुदानाच्या अर्जापाशी.
पंधरा मिनिटं काही हललं नाही
की अर्ज विचारतो, आपण अजून आहात का?
आणि उत्तराला न थांबता मिटतो,
लिहिलेलं सगळं पोटात घालून.
कीअरन वाक्य आधी आपल्या पाटीवर जुळवतो,
वीस मिनिटं, कधी तीस.
अर्जाच्या लेखी तेवढा वेळ
इथं कुणीच नसतं.

कोड माझा असता तर एका आकड्याचं काम.
तीन पत्रं पाठवली. सूचनेची नोंद घेतली आहे.
छोटासा प्रोग्रॅम लिहिला, माउस हलवत राहणारा.
त्यांच्या यंत्रणेनं तो पकडला :
आपण माणूस असल्याचं सिद्ध करा.

मग खुर्ची ओढून बसलो.
दर चौदाव्या मिनिटाला
माउस बोटभर सरकवायचा.
त्याची वाक्यं वाचायची नाहीत, हे आधीच ठरलेलं.
डिसेंबर, चारलाच अंधार.
ट्राम चढावर कण्हत होती.
त्याच्या आईनं थर्मासमधला चहा दिला,
साखर न विचारता तीन चमचे.
एकदा डुलकी लागली,
तेव्हा कीअरनच्या यंत्रानं हाक मारली,
त्याच त्या सपाट आवाजात :
आपण अजून आहात का?
त्याच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

त्या वर्षी पैसे मिळाले नाहीत.
पुढच्या वर्षीही नाहीत.

अकरा वर्षं झाली.
परवा पुन्हा अर्ज, पुन्हा ती खुर्ची,
आणि थोरल्याचा फोन :
अरे, तू तिथं नेमकं करतोस काय?
सांगतो, म्हटलं.
जरा थांब,
तेरा होऊन गेलीत.